मोजले सरकारने, उपसले मालकाने : महाराष्ट्रातील भूजलाच्या नोंदींचा इतिहास

१/
पावसाळा सरला की ऑक्टोबरच्या सुमारास महाराष्ट्रातील सुमारे ३,९२० विहिरींच्या काठी एक शासकीय कर्मचारी येऊन उभा राहतो. कठड्यावरील ठरलेल्या खुणेपासून तो टेप खाली सोडतो, पाणी किती मीटरवर लागले तो आकडा टिपून घेतो आणि पुढच्या गावाला जातो. जानेवारीत तो पुन्हा येतो, मार्चमध्ये येतो आणि मे महिन्याच्या उन्हातही येतो. हा क्रम गेली सुमारे पन्नास वर्षे चालू आहे.

२/
आजचा धागा या आकड्याविषयी आहे. तो कोणाला हवा होता, कशासाठी हवा होता, आणि इतक्या निष्ठेने मोजूनही पाणी खाली खाली का गेले? धागा लांब आहे, सवडीने वाचावा. माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो : जमिनीखालचे पाणी मोजणे आणि त्याच्या उपशाला आवर घालणे ही दोन कामे आपल्याकडे निरनिराळ्या काळात, निरनिराळ्या हेतूंनी जन्माला आली. त्यांची गाठ घालण्याचा प्रयत्न फार उशिरा झाला, आणि तोही अर्ध्यावर राहिला.

३/
भिवंडीसारख्या गावातून भूजलावर कोणी लिहावे याचे काहींना नवल वाटेल. आमच्याकडे वर्षाला सरासरी दोन हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो, मराठवाड्यात सातशे-आठशेच्या घरात. पण मे महिन्यात भिवंडीच्या गल्ल्यांत टँकर फिरतात, सायझिंगच्या कारखान्यांत आणि नव्या गोदामांच्या आवारात बोअरची यंत्रे घरघरत असतात, आणि मुंबईला पाणी नेणाऱ्या तानसाच्या जलवाहिन्या याच तालुक्यातून जातात. पाऊस दुप्पट-तिप्पट असला तरी पायाखालचा खडक मात्र लातूरचा आणि आमचा एकच आहे.

४/
तो खडक म्हणजे बेसॉल्ट, आपला काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले आणि महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग त्यांनी व्यापला. गंगेच्या खोऱ्यात वाळू-मातीचा शेकडो मीटर जाडीचा गाळ असतो आणि त्यात पाणी स्पंजात मुरावे तसे मुरते. आपल्याकडे तसे नाही. वर मुरूम, त्याखाली भेगाळलेला किंवा सच्छिद्र मांजऱ्या खडक, त्याखाली घट्ट पाषाण, मधूनच दोन थरांच्या सांध्यात लालसर मातीचा पट्टा. पाणी राहते ते या भेगांत आणि सांध्यांत. त्यातले बहुतेक वरच्या पंधरा-वीस मीटरांत असते आणि दरवर्षीच्या पावसाने भरते. त्याखालीही पाणी सापडते, परंतु तुटक, थोडे, आणि पुन्हा भरायला वेळ घेणारे.

५/
एवढे भूशास्त्र ध्यानात ठेवावे. पुढची सारी कथा या वरच्या पंधरा-वीस मीटरांची आणि तिथून खाली निसटलेल्या पाण्याची आहे.

६/
विहिरीला पूर्वी एक नैसर्गिक मर्यादा होती : बैल. मोटेने पाणी काढायचे तर बैलांना धावेवरून उतरावे लागे आणि विहीर जितकी खोल तितकी धाव लांब. फार खोलातून मोट ओढणे बैलांना झेपत नसे आणि शेतकऱ्याला परवडतही नसे. बारवा, आड, पायविहिरी या साऱ्यांची खोली या हिशेबात बसणारी होती. पाणी आटले की उपसा आपोआप थांबे. नियमनाचा कायदा नव्हता, कारण त्याची गरज बैलांनी भासू दिली नव्हती.

७/
पाणी कोठे लागेल हे सांगणारा पाणाड्या. हातात बेचक्याची काठी नाहीतर तळहातावर नारळ. या विद्येची परंपरा जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत 'दकार्गल' नावाचा एक अख्खा अध्यायच भूमिगत पाण्यावर आहे. कोणत्या झाडाजवळ, कोणत्या वारुळाजवळ, किती पुरुष खोलीवर पाणी लागेल याचे त्यात आडाखे आहेत. ते कितपत खरे ठरतात हा वाद आज बाजूला ठेवू. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की पाणी शोधण्याची परंपरा आपल्याकडे होती, पण पाणी वर्षानुवर्षे मोजून त्याची नोंद ठेवण्याची नव्हती.

८/
आता १८८२ आणि १८८३ या दोन वर्षांकडे येऊ. मला ही दोन वर्षे या कथेचा गाभा वाटतात.

पार्श्वभूमी १८७६-७८ च्या महादुष्काळाची. दख्खनेत माणसे आणि जनावरे उपासमारीने मेली, त्यानंतर ब्रिटिश सरकारने दुष्काळ आयोग नेमला. पाण्याचे काय करायचे हा प्रश्न सरकारपुढेही होता आणि समाजापुढेही. त्याला या दोन वर्षांत तीन निरनिराळी उत्तरे मिळाली.

९/
पहिले उत्तर कायद्याचे. १८८२ चा भारतीय सुखाधिकार अधिनियम. त्याच्या सातव्या कलमाखाली काही उदाहरणे दिली आहेत. त्यांतील एकाचा आशय असा की, जे पाणी निश्चित प्रवाहातून वाहत नाही असे आपल्या जमिनीखालचे सर्व पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा आणि त्याची विल्हेवाट लावण्याचा प्रत्येक जमीनमालकाला हक्क आहे. मध्य प्रांताला, म्हणजे नागपूरकडच्या मुलखाला, हा कायदा आरंभापासून लागू होता. मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये लावण्यात आला. मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्याने तेथील कायद्याचा इतिहास वेगळा आहे, पण जमीन माझी म्हणून पाणीही माझे या समजुतीने आज तेथील शेतकरीही बोअर घेतो.

१०/
एका उदाहरणाच्या दोन ओळी. नदीच्या पाण्यावर काठच्या सर्वांचा हिस्सा असतो हे याच कायद्याला मान्य आहे. मग जमिनीखालच्या पाण्याला वेगळा न्याय का?

११/
त्याचे मूळ इंग्लंडात आहे, आणि गंमत म्हणजे एका कापडगिरणीत. लँकेशायरमधील एका गिरणीमालकाची विहीर जवळच कोळशाची खाण खोदली गेल्यामुळे आटली. तो न्यायालयात गेला. १८४३ च्या 'ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल' या निकालात गिरणीमालक हरला. न्यायालयाचा युक्तिवाद थोडक्यात असा : नदी सर्वांना दिसते, तिच्या काठचे लोक एकमेकांचे हक्क ओळखून असतात. जमिनीखालचे पाणी कोठून येते, कोठे जाते हे कोणालाच ठाऊक नसते. जे दिसत नाही, त्यावर शेजाऱ्याचा हक्क कसा मानायचा? सबब ज्याची जमीन त्याचे पाणी.

१२/
म्हणजे हा हक्क अज्ञानावर उभा आहे. मी हे टीका म्हणून म्हणत नाही. भूजलशास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते. भेगाळ खडकातून पाणी कसे वाहते याचे गणितच मांडले गेले नव्हते, तेव्हा न्यायाधीशांनी आणखी काय करावे? प्रश्न पुढचा आहे. ज्या दिवशी हे पाणी मोजता येऊ लागले, त्या दिवशी या हक्काचा पाया ढासळायला हवा होता. तसे झाले नाही.

१३/
दुसरे उत्तर तिजोरीचे. १८८३ चा जमीन सुधारणा कर्ज कायदा. शेतकऱ्याने विहीर खोदावी, सरकार तगाई देईल. दुष्काळावरचा तोडगा म्हणून विहिरींची संख्या वाढवणे हे धोरण इथून स्थिरावले. विहीर खासगी, कर्ज खासगी, पाणी खासगी.

१४/
तिसरे उत्तर पुण्यातून आले. १८८३ साली जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केला. त्यातील शेतकऱ्यांच्या दैन्याचे वर्णन बहुतेकांना ठाऊक असते, उपायांचे प्रकरण मात्र कमी वाचले जाते. तिथे जोतीराव सरकारला सांगतात की, डोंगरउतारांवर ताली-बंधारे असे घालावेत की पावसाचे पाणी शेतांत मुरत मुरत पुढे जाईल. आणि त्याच ओघात आणखी एक सूचना करतात : सर्व शेतांची पाहणी करून, दोन मोटांना पुरेल त्याहून अधिक पाण्याचे झरे जेथे लागतील अशा जागा पाणाड्यांकरवी शोधाव्यात आणि त्यांच्या खुणा त्या त्या गावच्या नकाशात नोंदवून ठेवाव्यात.

१५/
हे जरा थांबून वाचावे असे आहे. कायदा म्हणतो, जमिनीखालचे पाणी न दिसणारे, म्हणून मालकाचे. पुढच्याच वर्षी फुले म्हणतात, ते पाहून घ्या आणि गावच्या नकाशावर चढवा. फुल्यांनी मालकी हक्काला थेट आव्हान दिले होते असा माझा दावा नाही. त्यांच्या मनात विहिरी वाढाव्यात हेच होते. पण गावच्या नकाशावर पाण्याची खूण आली म्हणजे ते पाणी गावाच्या माहितीत आले, आणि जे गावाच्या माहितीत आले त्याबद्दल गाव बोलू शकते. भूजलाच्या सार्वजनिक नोंदीची मराठीतील इतकी स्पष्ट मागणी याआधी कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही. सरकारने ही सूचना उचलली नाही. पहिल्या दोन उत्तरांवर पुढची नव्वद वर्षे निघाली.

१६/
एकदम १९७२ वर येतो. मधला काळ तेलाच्या इंजिनांचा आणि मग विजेच्या पंपांचा. बैल गेले आणि त्यांच्याबरोबर खोलीची मर्यादाही गेली, एवढे म्हटले की पुरे.

१९७०-७३ चा दुष्काळ आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यात 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणून असतो. सुकडी, मिलो, खडी फोडण्याची कामे. रोजगार हमी योजना याच काळातली, तिचा कायदा पुढे १९७७ मध्ये झाला. दुष्काळाच्या इतिहासात अन्नाचा आणि कामाचा विचार पुष्कळ झाला आहे. पाण्याच्या बाजूने पाहिले तर त्या आगेमागे दोन गोष्टी महाराष्ट्रात आल्या आणि दोन्ही येथे कायमच्या राहिल्या.

१७/
पहिली गोष्ट, बोअर पाडणारे यंत्र. साठच्या दशकाच्या अखेरीपासून युनिसेफच्या मदतीने दाबाच्या हवेवर चालणारी, कठीण खडक फोडणारी यंत्रे भारतात येऊ लागली. सुरुंग लावून महिनोन्‌महिने विहीर खणायची त्याऐवजी एक-दोन दिवसांत कित्येक मीटर खोल, वीतभर रुंदीचे छिद्र तयार! तहानलेल्या गावांसाठी हा चमत्कारच होता. त्यावर हातपंप बसवले गेले, पण ते ओतीव लोखंडाचे, एका कुटुंबाच्या वापरासाठी घडवलेले. अख्खे गाव त्यांवर पाणी भरू लागल्यावर ते मोडू लागले. सत्तरच्या दशकाच्या मध्यास झालेल्या पाहणीत असे दिसले की दर चार हातपंपांपैकी तीन बंद आहेत.

१८/
येथे महाराष्ट्राचा एक विसरलेला मान आहे. जालना आणि सोलापूर भागात मिशनच्या लोकांनी आणि स्थानिक कारागिरांनी मिळून मजबूत पोलादी हातपंप घडवले होते. 'जालना पंप' आणि 'सोलापूर पंप' या नावांनीच ते ओळखले जात. सोलापूर पंपाच्या कल्पनेवरून पुढे 'इंडिया मार्क टू' तयार झाला. शाळेच्या कोपऱ्यात, मंदिरासमोर दिसणारा आणि आफ्रिकेतील कितीतरी देशांतही पोचलेला तो पंप. दुष्काळी सोलापूरने जगाला दिलेली ही वस्तू आहे. (यावर स्वतंत्र धागा लिहायचा आहे. लोहारकामाचा इतिहास आपल्याकडे फारच दुर्लक्षित आहे.)

१९/
दुसरी गोष्ट, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. स्थापना १९७२, मुख्यालय पुणे, उभारणीत जागतिक बँकेचे साहाय्य. केंद्रीय पातळीवर केंद्रीय भूजल मंडळ १९७० मध्ये आकाराला आले होते, पण राज्याची स्वतःची अशी यंत्रणा उभारणाऱ्यांत महाराष्ट्र आघाडीवर राहिला. राज्याची सुमारे दीड हजार पाणलोट क्षेत्रांत विभागणी झाली, प्रत्येकात निरीक्षण विहिरी ठरल्या आणि टेप खाली जाऊ लागला.

२०/
नावातील 'विकास' हा शब्द मात्र नजरेआड करू नये. त्या काळी भूजलाचा विकास म्हणजे नव्या विहिरी. बँका शेतकऱ्यांना विहिरीसाठी कर्ज देणार, तर त्या भागात आणखी किती विहिरींना वाव आहे हे सांगणारा भूवैज्ञानिक हवा. पिण्याच्या पाण्यासाठी बोअर कोठे घ्यावा हे सांगणाराही हवा. आकडा प्रथम हवा होता तो यासाठी. विस्तवावर आणखी किती भाकऱ्या भाजता येतील हे पाहण्यासाठी विस्तव मोजावा, तसे. विस्तव विझतो आहे का, हा प्रश्न नंतरचा.

२१/
तरीही या आकड्याचा एक फार चांगला उपयोग पुढे झाला, आणि त्याचे श्रेय यंत्रणेला द्यायलाच हवे. इंग्रजी अमलापासून दुष्काळ ठरायचा तो पिकाच्या आणेवारीवर, पुढे तिची पैसेवारी झाली. पीक हातचे गेल्यावर दुष्काळ कळायचा. विहिरीची पातळी मात्र आगाऊ बोलते. ऑक्टोबरची पातळी मागील पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहतात. ती एक मीटरहून अधिक खाली असेल तर त्या भागात टंचाईची शक्यता. घट तीन मीटरांहून जास्त असेल तर ऑक्टोबरपासूनच, दोन ते तीन मीटर असेल तर जानेवारीपासून, एक ते दोन मीटर असेल तर एप्रिलपासून पाणी कमी पडेल असा अंदाज बांधतात. जिल्हाधिकाऱ्यांचे टँकरांचे नियोजन या अहवालावर बेतलेले असते. सहा महिने आधी तहान सांगणारी ही पद्धत साधी आहे, स्वस्त आहे, आणि बहुतेक वेळा बरोबर ठरते.

२२/
मग अडले कोठे?

२३/
टेप ज्या विहिरीत सोडला जातो ती साधी, खोदलेली विहीर असते, वरच्या थरातली. ऐंशीच्या दशकापासून शेतकरी त्या थराच्या खाली उतरला. आधी विहिरीच्या तळाशी आडवे-उभे बोअर, मग विहीर सोडून थेट शेतात बोअर, त्यात पाणबुडी मोटर. दोनशे फूट, चारशे फूट, आता मराठवाड्यात आठशे-हजार फूट हे आकडे कोणाला दचकवत नाहीत. यंत्राच्या गाड्या येतात तमिळनाडूतून. तिरुचेंगोडे हे तिकडचे एक गाव या धंद्यासाठीच प्रसिद्ध आहे. शेतकरी फुटाच्या भावाने पैसे मोजतो, पहिल्या पन्नास-साठ फुटांचे केसिंग वेगळे. पाणी लागले तर दीड इंच, दोन इंच. नाही लागले तर धुरळा आणि कर्ज.

२४/
बोअरची प्रकृती विहिरीसारखी डोळ्यांनी कळत नाही. विहिरीत वाकून पाहता येते. बोअरच्या तोंडावर लोखंडी झाकण असते आणि आत मोटरचे पाइप. पातळी मोजायची तर टेपला वाटही मिळत नाही. पातळी उतरल्याची खबर मिळते ती मोटरकडून : आधी तासभर चालायची, मग अर्धा तास, मग उचक्या देत हवा ओढू लागते. शेजाऱ्याने आपल्याहून शंभर फूट खोल घेतला की आपला सुटतो, कारण भेगा एकमेकींना जोडलेल्या असतात. मग आपण त्याच्याहून शंभर फूट खोल जायचे. लँकेशायरचा तो खटला महाराष्ट्रात दर उन्हाळ्यात हजारो बांधांवर पुन्हा घडतो आणि प्रत्येक वेळी निकाल तोच लागतो. फरक इतकाच की इथे कोणी न्यायालयात जात नाही, सावकाराकडे जातो.

२५/
निरीक्षण विहिरींच्या वहीत या साऱ्याचे प्रतिबिंब एका शब्दात उमटते : 'कोरडी'. विहीर कोरडी पडल्यावर पाणी आणखी किती खाली गेले हे ती विहीर सांगू शकत नाही. पुढे जलविज्ञान प्रकल्पात स्वयंचलित पातळीमापकांचे निरीक्षण-बोअर आले, अलीकडे गावोगावच्या 'जलसुरक्षकां'करवीही पातळी मोजली जाते. तरी हिशेब करून पाहा. राज्याचे क्षेत्रफळ सुमारे ३.०७ लाख चौरस किलोमीटर. त्यात ३,९२० विहिरी म्हणजे सरासरी ७८ चौरस किलोमीटरांमागे एक. भेगाळ खडकात एका बांधावर पाणी आणि पलीकडच्या बांधावर खडखडाट असतो, हे शेतकरीच सांगेल.

२६/
आणि उपसा? तो तर मोजलाच गेला नाही. सत्तरच्या दशकात शेतीपंपांची वीजआकारणी वापराच्या युनिटांवरून पंपाच्या अश्वशक्तीवर आली. मीटर नाही, म्हणजे किती तास पंप चालला याची नोंद नाही. पातळी किती उतरली हे सरकारला ठाऊक, कोणी किती उपसले हे कोणालाच ठाऊक नाही. खतावणीत शिल्लक रोज लिहावी आणि खर्चाचे पान कोरे ठेवावे, असा हा जमाखर्च.

त्याची फळे कोठे दिसली हे सर्वश्रुत आहे. रावेर-यावलची केळी, वरुड-मोर्शीची संत्री. पैसा देणारी बागायत आणि अतिशोषित म्हणून लाल रंगात दाखवलेले तालुके. विदर्भ-मराठवाड्यातील काही गावांत खोल बोअरच्या पाण्याबरोबर फ्लोराइडही वर आले.

२७/
कायदा जागा झाला तो १९९३ मध्ये. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून पाचशे मीटरांच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेता येणार नाही, असा कायदा राज्याने केला. तक्रार झाली की भूजल यंत्रणेच्या अधिकाऱ्याने पाहणी करायची, निर्णय महसूल खात्याने घ्यायचा. पहिल्यांदाच मोजणाऱ्याच्या शब्दाला काही वजन आले. पण तक्रार करायची कोणी? गावच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीशेजारी बोअर घेणारा बहुधा गावातलाच वजनदार माणूस असतो. सरपंच त्याचा भाऊबंद. ग्रामसेवकाला त्याच गावात नोकरी करायची असते.

२८/
त्यापुढचा कायदा अधिक धीट होता. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९. विधिमंडळात तो २००९ चा, राष्ट्रपतींची संमती मिळून अधिनियम झाला २०१३ मध्ये, अंमल २०१४ पासून, आणि नियमांचा मसुदा लोकांसमोर आला २०१८ साली. सर्व विहिरींची नोंदणी, साठ मीटरांहून खोल विहिरींवर निर्बंध, पाणलोटनिहाय पीक आराखडे, सारे त्यात आहे. साठ मीटर म्हणजे सुमारे दोनशे फूट. वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या शेतात किंवा सोसायटीत बोअर आहे त्यांनी आपली खोली आठवून पाहावी.

२९/
कायद्याच्या या नऊ वर्षांच्या प्रवासात एप्रिल २०१६ येऊन गेला. मिरजेहून निघालेली 'जलदूत' रेल्वे १२ एप्रिलला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातुरात पोचली. मांजरा धरण कोरडे पडले होते. त्या रेल्वेची छायाचित्रे देशभर छापली गेली. त्या वर्षाच्या चर्चेत ऊस आला, धरण आले, राजकारण आले. जमिनीखाली काय उरले आहे हे त्या मानाने फार थोड्यांनी विचारले, कारण ते छायाचित्रात येत नाही.

३०/
१८८२ च्या उदाहरणाचे पुढे काय झाले? ते अजून कायद्याच्या पुस्तकात आहे. केरळातील प्लाचिमडा येथे शीतपेयाच्या कारखान्याच्या उपशावरून वाद पेटला, तेव्हा उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २००३ मध्ये भूजल ही जनतेची ठेव आहे असे म्हटले. २००५ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने वेगळी भूमिका घेऊन मालकाच्या हक्काकडे कौल दिला. एकाच इमारतीत दीड वर्षात दोन शतकांची मते.

३१/
एक अपवाद सांगतो. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजार. त्या गावाची कथा सर्वांनी ऐकलेली आहे, म्हणून फक्त आपल्या मुद्द्यापुरते. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, त्यानंतर पाणलोटाची कामे झाली. तशी कामे शेकडो गावांत झाली आहेत. हिवरे बाजारने आणखी एक केले. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही असा ठराव केला. भूजल यंत्रणेच्या मदतीने गावचा पाऊस आणि निरीक्षण विहिरींची पातळी मोजायला घेतली आणि ते आकडे ग्रामसभेपुढे मांडून त्या वर्षी कोणते पीक किती घ्यायचे हे ठरवायला सुरुवात केली. पाऊस कमी तर जास्त पाण्याची पिके नाहीत.

३२/
तिथे टेप तोच, विहीर तशीच आणि मोजण्याची पद्धतही भूजल यंत्रणेचीच. आकडा जिल्ह्याच्या कार्यालयात न जाता आधी ग्रामसभेत गेला, एवढाच फरक. फुल्यांनी गावच्या नकाशाचा जो आग्रह धरला होता, त्याच्या सर्वांत जवळ जाणारे उदाहरण मला हेच वाटते. ते सहज दुसरीकडे नेता येईल असे मात्र मी म्हणणार नाही. बोअरवर कर्ज काढून बसलेल्या माणसाला 'उपसा थांबव' असे ग्रामसभेत सांगायला गावात फार मोठी एकी लागते, आणि ती शासन निर्णयाने येत नाही. २५ डिसेंबर २०१९ रोजी सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत सात राज्यांत, त्यांत महाराष्ट्रातही, गावपातळीवर पाण्याचा ताळेबंद मांडण्याचा जो प्रयोग झाला त्याची खरी परीक्षाही याच जागी आहे.

३३/
काही वाचक विचारतील, आपल्या गावच्या विहिरीची नोंद पाहायला मिळते का? प्रत्येक जिल्ह्यात भूजल यंत्रणेचे कार्यालय असते, प्रमुखपदी वरिष्ठ भूवैज्ञानिक असतात. आपल्या तालुक्यातील निरीक्षण विहिरी कोणत्या आणि त्यांची ऑक्टोबर व मे महिन्यांची पातळी वर्षावर्षाला काय होती, हे तिथे विचारता येते. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना तर माझे विशेष सांगणे आहे. पन्नास वर्षांची, वर्षातून चार वेळा लिहिलेली ही खतावणी म्हणजे एक दफ्तरच आहे. आपण पेशव्यांचे रुमाल सोडवतो, या नोंदी मात्र केवळ अभियंत्यांच्या मानतो.

३४/
वज्रेश्वरी-अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांविषयी काहींनी मागील धाग्याखाली विचारले होते. तेही भूजलच, फार खोलातून येणारे, आणि आमच्याच तालुक्यातले. पुढचा धागा त्यावर.